वीतभर मुळं, हातभर पाणी

हे घडलं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या आतल्या फाट्यावर. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझा रोजचा संबंध आहे, आणि ज्या कामामुळे खाडीतली खारफुटीची झाडं मेली ते काम गावानेच वर्षानुवर्षं अर्ज करून मागून घेतलेलं होतं. मी जवळच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. वनस्पतींचं श्वसन दरवर्षी शिकवत आलो, पण मुळांच्या श्वसनाला त्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ कधी दिला नव्हता.

जागा आधी डोळ्यांसमोर आणायला हवी. मुख्य खाडीतून एक अरुंद फाटा डोंगराकडे शिरतो. त्याच्या तोंडावर पूर्वी साकव, म्हणजे छोटा पूल होता, जांभ्याच्या दोन पायांवर टाकलेला. भरतीचं पाणी त्याच्याखालून मोकळं आत यायचं आणि ओहोटीला मोकळं परत जायचं. आत पाच-सहा एकर खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जागा. पाण्याच्या कडेला चिप्पी आणि थोडं कांदळ, मधल्या सगळ्या भागात तिवरं, ही तिन्ही खारफुटीची झाडं; त्यामागे मारंडीचं काटेरी रान, आणि मग भाताची खारजमीन. पावसाळ्यात डोंगरावरचा पऱ्या, म्हणजे ओढा, याच खाजणात उतरतो.

साकवावरून रिक्षा जात नव्हती. पलीकडच्या वाडीतल्या आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणावं लागे. त्यामुळे रस्त्याची मागणी अगदी रास्त होती. एका मे महिन्यात साकव निघाला, त्या जागी मातीचा भराव पडला आणि भरावात सिमेंटचे दोन पाइप बसले. पाइपांचा तळ आतल्या चिखलापेक्षा हातभर उंच राहिला. पाऊस तोंडावर आला होता, घाई होती, आणि रस्ता झाल्याच्या आनंदात तिकडे कोणी पाहिलं नाही.

पहिली तक्रार

ती झाडांची नव्हतीच. गणपतीच्या दिवसांत, आतल्या खाजणात चिंबोऱ्या पकडणाऱ्या एका काकींनी सांगितलं की यंदा आत पाय टाकवत नाही, पाणी उतरतच नाही आणि चिखलाला घाण वास येतो. "निवट्यापण दिसत नाहीत सर, कधी नाही ते." निवट्या हे छोटे मासे ओल्या चिखलावर उड्या मारतात आणि हवेतलाही ऑक्सिजन घेतात. त्यांना उघडा चिखल लागतो. काकींच्या त्या एका वाक्यात निम्मं निदान होतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

नवरात्रात तिवरांची पानं पिवळी पडलेली रस्त्यावरून दिसू लागली. दिवाळीपर्यंत मधला मोठा पट्टा करडा झाला. तेव्हा गावात चर्चा सुरू झाली.

सगळ्यात जोरात बोललं जात होतं ते विषाबद्दल. कोणाला तरी तिथे कोळंबीचं तळं करायचंय, म्हणून त्याने औषध मारलं. हा संशय हवेतला नव्हता, असे प्रकार किनाऱ्यावर ऐकू येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभरातल्या खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं, तेव्हापासून उघड तोड करायला माणूस धजत नाही. इथे तर एक फांदीही तुटलेली नव्हती. म्हणून लोकांना चोरून केलेलं काम वाटलं, आणि दोन घरांमध्ये बोलणं बंद झालं.

दुसरा तर्क गोड्या पाण्याचा होता: पऱ्याचं पाणी अडलं आणि खारं झाड गोड्या पाण्याने मेलं. ते पटण्यासारखं नव्हतं. कोकणातली खारफुटी दर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे जवळजवळ गोड्या पाण्यात उभी असते. मिठाशिवाय ती मरत नाही. मीठ सहन करता येतं म्हणून तिला खाडी मिळाली, एवढंच.

तिसरा तर्क माझा, आणि तोही चुकला. सागाची पानं चाळणीसारखी करणारी जी अळी असते, तीच तिवरावरही उतरते आणि पावसाळ्याच्या शेवटी आख्खं रान तपकिरी करून टाकते. मी लांबून पाहिलं आणि सांगून टाकलं की अळी आहे, महिन्याभरात पालवी फुटेल. या सांगण्याने एक महिना वाया गेला. जवळ जाऊन पानं पाहिली असती तर लगेच कळलं असतं, कारण अळी पानाचा गर खाऊन शिरांची जाळी मागे ठेवते. इथे पडलेली पानं अखंड होती, कडेपासून पिवळी होत देठातून गळालेली.

पाण्याची रेघ

डिसेंबरात बारावीच्या आठ मुलांना घेऊन आत उतरलो, तेव्हा पाणी ढोपराला लागत होतं. बाहेर त्या वेळी पूर्ण ओहोटी होती आणि भरावापलीकडचा चिखल उघडा पडला होता. मुलांनी मेलेली, पिवळी आणि हिरवी झाडं वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्यांनी खुणावली. हा उद्योग मी केवळ सवय म्हणून लावला होता, पण वरून, रस्त्यावर उभं राहून पाहिल्यावर त्या दोऱ्यांनी उत्तर समोर मांडलं.

मेलेली झाडं जवळजवळ सगळी तिवरं होती, आणि ती खोलगट भागातली. त्याच रानाच्या मध्ये चिखलाचे दोन उंचवटे होते. त्यांच्यावरची तिवरं हिरवी होती. विष मारणारा माणूस उंचवटे वगळून मारत नाही. अळीही चिखलाची उंची पाहून झाड निवडत नाही. कडेची चिप्पी थोडी फिकी पडली होती, पण उभी होती. कांदळाला तर काहीच झालेलं नव्हतं.

मग आम्ही मुळं मोजली. तिवराच्या आडव्या मुळांवरून चिखलातून सरळ वर येणारे बोटाएवढे खुंट असतात. तीच श्वसनमुळं. इथे ती वीतभर होती. चिप्पीची श्वसनमुळं जाड, लाकडी, सुळक्यासारखी. त्यांतली बरीच हातभर किंवा त्याहून उंच. कांदळाची आधारमुळं खोडावरून कमानीसारखी उतरतात, चिखलापासून कमरेइतक्या उंचीवरून. आणि आत साचलेलं पाणी होतं हातभर, पाइपांच्या तळाला बरोबर लागून.

वीतभर मुळांवर हातभर पाणी. उंचवट्यांवर तेच पाणी चार बोटं होतं, म्हणून तिथे मुळांची टोकं बाहेर राहिली आणि झाडं वाचली.

मूळ हवा कशी घेतं

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण गावात सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावर आले आणि वर्गातही याच ठिकाणी मुलं अडतात.

झाडं ऑक्सिजन सोडतात, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणून मुळाला ऑक्सिजन लागतो हे ऐकून माणूस चमकतो. पानं दिवसा प्रकाशात कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात, हे खरंच. पण त्याच झाडाची प्रत्येक जिवंत पेशी, पानातली धरून, रात्रंदिवस ऑक्सिजन खर्च करत असते. आपल्या शरीरात फुप्फुसातला ऑक्सिजन रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतं. झाडात असं रक्त नाही. पानात तयार झालेली साखर मुळापर्यंत जाते, ऑक्सिजन तसा वाहून नेला जात नाही. ज्याला त्याला आपापली हवा जवळूनच घ्यावी लागते: पानाला पर्णरंध्रांतून, खोडाला सालीवरच्या बारीक वल्करंध्रांतून, मुळाला मातीच्या कणांमधल्या पोकळीतून.

खाडीच्या चिखलात ती पोकळी पाण्याने भरलेली असते. एक लिटर हवेत दोनशे मिलिलिटरहून जास्त ऑक्सिजन असतो. तेवढ्याच कोमट खाऱ्या पाण्यात जेमतेम पाच मिलिलिटर. शिवाय स्थिर पाण्यातून तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. चिखलातले जिवाणू जो थोडा पोचतो तो वरच्या वरच संपवतात. त्यामुळे बोटभर खाली चिखल काळा, आणि कुजलेल्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तिथे तयार होतो.

अशा चिखलात तिवर जगतं ते वर काढलेल्या त्या खुंटांवर. खुंटाच्या सालीवर वल्करंध्रं असतात आणि आतली ऊती स्पंजासारखी, हवेच्या पोकळ्यांनी भरलेली. तिथून हवा आडव्या मुळांत आणि तिथून चिखलातल्या बारीक मुळांत उतरते. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला असे दहा हजारांहून जास्त खुंट असू शकतात.

भरतीत ते बुडतात, तेव्हा काय होतं? हा या सगळ्या रचनेतला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. वल्करंध्रांची तोंडं पाणी झिडकारतात, त्यामुळे बुडाली तरी आत पाणी शिरत नाही. आत अडकलेल्या हवेतला ऑक्सिजन मूळ वापरत राहतं. बदल्यात निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनपेक्षा तीसेक पट अधिक विरघळतो, म्हणून तो पोकळीत साचून न राहता भोवतालच्या पाण्यात निघून जातो. परिणामी आतला दाब घटत जातो. ओहोटीला खुंटाचं टोक उघडं पडलं की त्या कमी दाबामुळे बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. छाती नाही, भाता नाही, तरी झाड श्वास ओढतं आणि तो ओढायला समुद्राचं उतरणं वापरतं. आपल्या किनाऱ्यावर साधारण साडेबारा तासांनी भरती परत येते, म्हणजे खोलातल्या झाडाला दिवसातून दोनदा हा श्वास मिळतो.

शोलांडर हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे मोजून दाखवलं. कांदळाच्या जातीतल्या झाडाच्या आधारमुळांवरची वल्करंध्रं त्यांनी ग्रीस लावून बंद केली. चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन, जो आधी १५ ते १८ टक्के होता, दोन दिवसांत २ टक्क्यांवर किंवा त्याखाली आला. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजं धडकली आणि सांडलेलं तेल रायगडच्या खारफुटीपर्यंत आलं. तेव्हा काळजी होती ती याच बंद होणाऱ्या रंध्रांची.

आमच्या फाट्यात ग्रीसचं काम पाण्याने केलं. भरती थोडीफार आत येत होती, पण ओहोटी आत पोचत नव्हती. जूनपासून तिवरांना उतरतं पाणी मिळालंच नाही. आधी बारीक मुळं गेली. मूळ जिवंत असताना बहुतांश मीठ दारातच अडवतं. ते मेलं की तेही थांबतं आणि पाणी वर चढवणंही. झाड हातभर पाण्यात उभं राहून तहानलेलं होतं. तहानलेलं झाड पर्णरंध्रं मिटून घेतं, आणि ती मिटली की पानाला कार्बन डायऑक्साइडही मिळत नाही. खालची देवाणघेवाण तुटली आणि तिने वरचीही तोडली. गावाला पिवळी पानं दिसली ती या शेवटच्या टप्प्यावर.

तात्यांचा प्रश्न

हे सगळं मी जानेवारीत देवळाच्या सभामंडपात सांगितलं. खारजमीन कसणारे एक तात्या शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "सर, भात चार महिने पाण्यातच असतं. त्याला काय होत नाही. मग तिवराचंच काय घोडं अडलं?"

प्रश्न बिनतोड होता. भाताची मुळंही बिनहवेच्या चिखलातच असतात, पण भाताने वेगळी वाट काढली आहे. त्याची पानं आणि खोड पाण्याबाहेर असतात, आणि तिथून मुळाच्या टोकापर्यंत आतून हवेच्या नळ्या गेलेल्या असतात. हवा वरूनच खाली उतरते. मुळाकडून ती थोडी चिखलातही झिरपते आणि चिखलातल्या लोहाला गंज चढवते. "चांगल्या भाताचं रोप उपटलं की मुळं कशी दिसतात?" मी विचारलं. तात्या म्हणाले, "तांबूस. काळी आली तर समजायचं रोप बसलं." तोच गंज. आणि पूर येऊन भात शेंड्यापर्यंत बुडालं, पाणी आठ-दहा दिवस उतरलं नाही, तर ते कुजतं, हे मला सांगावं लागलं नाही. सभामंडपातल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं होतं. भाताचं नाक शेंड्याला आहे, तिवराचं चिखलातून वीतभर वर, एवढं म्हटल्यावर प्रश्न मिटला.

त्याच तांबूस खुणेचा उपयोग आम्ही दुसऱ्या दिवशी केला. भरावाबाहेरच्या तिवरांजवळ चिखल थोडा उकरला, तर काळ्या चिखलात बारीक मुळांभोवती तांबूस वलयं दिसली. आतल्या खोलगट भागात सगळं सरसकट काळं.

आणखी एक प्रयोग मुलांनी केला, तो गावाला जास्त पटला. होडी लागून मोडलेला बाहेरचा एक खुंट आणि आतल्या मेलेल्या झाडाचा एक खुंट घेतला. रबरी नळीने तो सायकलच्या पंपाला जोडला आणि बादलीतल्या पाण्यात बुडवला. बाहेरच्या खुंटाला पंप मारताच सालीवर जागोजागी बुडबुड्यांच्या माळा फुटल्या. आतल्या खुंटातून काळं पाणी आलं आणि साल सुटून पडली. विषाचा विषय त्या दिवशी संपला. बोलणं बंद झालेली दोन्ही घरं तिथे हजर होती. ती लगेच बोलू लागली असं नाही, पण एकमेकांकडे पाहत तरी होती.

उपाय, आणि त्याला लागलेला वेळ

भरावाच्या आत आणि बाहेर खुणा केलेल्या दोन काठ्या रोवून आम्ही उधाणापासून (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीपासून) भांगापर्यंत (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीपर्यंत) पाणी लिहून ठेवलं. उधाणाला बाहेर पुरुषभराहून जास्त चढउतार होत होता. आत चार-पाच बोटं. भांगाच्या दिवसांत आतली काठी हललीच नाही. हा दोन रकान्यांचा कागद पाइप खाली घेण्याच्या अर्जाला जोडला. पिवळ्या-करड्या झाडांच्या फोटोंनी जे झालं नाही ते त्या कागदाने झालं. पाहणीला आलेल्या अभियंत्याने तो वाचला आणि पाइप किती खाली हवा हे तिथल्या तिथे मान्य केलं.

तोवर थांबणं शक्य नव्हतं. पिवळी झाडं अजून वाचण्यासारखी होती. शिमग्यानंतरच्या भांगाला श्रमदानाने पाइपांतला गाळ, झावळ्या आणि प्लास्टिक काढलं, आणि भरावाच्या एका टोकाला परवानगी घेऊन कुदळीने चर मारला. मी तो एकदम खोल करायला सांगत होतो. तात्यांनी थांबवलं. हे काळं सडकं पाणी एका ओहोटीत बाहेर गेलं तर फाट्याबाहेरची बोयांची पिल्लं मरतील, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर होतं, सल्फाइडचं पाणी मासळीला विषच. मग चर रोज थोडा थोडा खोल करत सहा दिवसांत पाणी उतरवलं. मे महिन्यात चिखलाच्या पातळीला मोठा तिसरा पाइप बसला.

करडी झालेली तिवरं परत आली नाहीत. पालवी फुटेल म्हणून मी पहिल्या पावसापर्यंत वाट पाहिली; फुटली नाही. पिवळी होती त्यांतली बरीचशी सावरली. ज्यांच्यावर थोडी तरी पानं शिल्लक होती, त्यांच्या भोवती ऑगस्टमध्ये नवे खुंट दिसले, पांढरट, मऊ टोकांचे. जुने खुंट काळे होऊन तसेच उभे होते, त्यांच्यामधून हे नवे.

रोपं लावावीत का, यावर वाद झाला. बाहेरच्या एका संस्थेने कांदळाची हजार रोपं देऊ केली होती. पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष, म्हणजे खारफुटीतला राज्यवृक्ष, ठरली, म्हणून काहींना तीच हवी होती. मी दोन्हीला नको म्हटलं, आणि अजूनही ते बरोबर वाटतं. जिथे पाणी दोनदा उतरतं तिथे बी आपण होऊन रुजतं, आणि जिथे उतरत नाही तिथे लावलेलं रोप मोठ्या झाडाच्याच वाटेने जातं. पावसाळ्यात बाहेरच्या तिवरांचं बी, पावट्याच्या दाण्यासारखं, पाण्यावर तरंगत तिसऱ्या पाइपातून आत आलं. गणपतीला चाकरमानी आले तेव्हा मेलेल्या खोडांच्या मध्ये दोन-दोन जाड पानांची रोपं उभी होती.

सगळ्या भागात नाहीत. उगवतीच्या कोपऱ्यात, जिथे भरावाची माती वाहून आत पसरली, तिथे अजून घोटाभर पाणी थांबतं. त्या तुकड्यात एकही रोप टिकलेलं नाही, आणि तिथला चिखल अजून उकरला की काळाच निघतो. पाइपांपासून तिथपर्यंत एक उथळ चर काढायचाय. काकींनी जागा दाखवून ठेवली आहे. पूर्वी त्याच वाटेने पाणी उतरायचं, आणि त्याच वाटेने त्या आत जायच्या.